समितीप्रमुख कोण ठरवतो? दादासाहेब मावळंकर आणि संसदीय समित्यांची घडी

वक्फ दुरुस्ती विधेयकाच्या निमित्ताने जेपीसी हा शब्द आपल्या घराघरांत पोहोचला. 8 ऑगस्ट 2024 ला विधेयक लोकसभेत मांडलं गेलं आणि लगेच संयुक्त संसदीय समितीकडे गेलं. समितीत लोकसभेचे 21 आणि राज्यसभेचे 10 असे 31 सदस्य होते आणि प्रमुख होते सत्ताधारी पक्षाचे खासदार जगदंबिका पाल. सप्टेंबरमध्ये ही समिती मुंबईतही येऊन गेली. जमातींनी, मशिदींच्या ट्रस्टींनी, वकिलांनी आपापली निवेदने दिली. पुढे जानेवारी 2025 मध्ये समितीने आपला अहवाल 15 विरुद्ध 11 मतांनी मंजूर केला आणि एप्रिलमध्ये कायदाही झाला.

या सगळ्या काळात एक साधा प्रश्न आम्हाला अनेकांनी विचारला. या समितीचा प्रमुख कुणी नेमला? सदस्यांनी मतदान करून निवडला का? सरकारने नेमला का? उत्तर असं की तो लोकसभेच्या अध्यक्षांनी नेमला, आणि नियमाप्रमाणेच नेमला. मग पुढचा प्रश्न येतो. एवढा मोठा अधिकार एकाच खुर्चीकडे का दिला गेला? नागरिकशास्त्राच्या पुस्तकात संसदीय समित्यांना जेमतेम एक परिच्छेद मिळतो, त्यामुळे याचं उत्तर तिथे सापडत नाही. ते एका माणसाच्या आयुष्यात सापडतं. त्या माणसाचं नाव गणेश वासुदेव मावळंकर. लोक त्यांना दादासाहेब म्हणत. स्वतंत्र भारताच्या लोकसभेचे ते पहिले अध्यक्ष.

कोकणचं मूळ, अहमदाबादची कर्मभूमी

मावळंकर घराणं मूळचं रत्नागिरी जिल्ह्यातलं. मावळंगे या गावावरून आडनाव पडलं. दादासाहेबांचा जन्म 27 नोव्हेंबर 1888 चा, बडोद्याचा. सुरुवातीचं शिक्षण राजापूर आणि मुंबई इलाख्यातल्या इतर काही गावांत झालं. 1902 मध्ये ते शिकायला अहमदाबादला गेले आणि मग तिथलेच झाले. 1908 मध्ये गुजरात कॉलेजातून बी. ए., 1912 मध्ये मुंबईच्या सरकारी लॉ स्कूलमधून वकिलीची परीक्षा पहिल्या वर्गात, आणि 1913 पासून अहमदाबादेत वकिली. घरात मराठी, बाहेर गुजराती आणि कोर्टात इंग्रजी, असा हा माणूस होता. आपल्यापैकी ज्यांच्या घरी उर्दू आणि शाळेत, बाजारात मराठी चालते, त्यांना अशा आयुष्याची कल्पना सहज येईल.

वकिली चांगली चालत होती, पण जीव सार्वजनिक कामात जास्त रमत होता. शिक्षण संस्था, गुजरात सभा, दुष्काळ आणि पुरातलं मदतकार्य, सगळीकडे ते होते. 1919 मध्ये ते अहमदाबाद नगरपालिकेत निवडून आले आणि पुढे 1930 च्या दशकात नगराध्यक्षही झाले. ज्यांनी नगरपालिकेचं काम जवळून पाहिलंय त्यांना ठाऊक आहे की सभागृहात भाषणं होतात, पण रस्ता, पाणी, शाळा यांचे निर्णय समितीच्या टेबलावर होतात. अर्धा दिवस सात-आठ माणसं कागद घेऊन बसली की जे काम होतं, ते शंभर जणांच्या सभेत होत नाही. ही तालीम मावळंकरांना अहमदाबादच्या गल्ल्यांमधून मिळाली.

असहकार चळवळीत त्यांनी वकिली बाजूला ठेवली. मिठाच्या सत्याग्रहापासून छोडो भारतपर्यंत तुरुंगवास झाला, सगळा मिळून सुमारे सहा वर्षांचा. तुरुंगात खून, दरोडे अशा गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांशी ते बोलत बसत, त्यांच्या कहाण्या ऐकत. त्यावर त्यांनी गुजरातीत ‘मानवतानां झरणां’ हे पुस्तक लिहिलं. ज्याला सगळ्यांनी वाईट ठरवलंय त्याचीही बाजू आधी ऐकून घ्यायची, ही सवय पुढे अध्यक्षाच्या खुर्चीवर त्यांच्या कामी आली.

खुर्चीकडे

1937 च्या निवडणुकीनंतर ते मुंबई विधानसभेचे अध्यक्ष झाले. बाळासाहेब खेर पंतप्रधान होते. त्या काळी प्रांताच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधान म्हणत. 1946 पर्यंत मावळंकर त्या पदावर राहिले.

मग दिल्ली. केंद्रीय कायदेमंडळाच्या अध्यक्षपदाला आपल्या कौमच्या दृष्टीनेही एक इतिहास आहे, तो इथे सांगायलाच हवा. 1930 ते 1945 या काळात त्या खुर्चीवर चार जण बसले आणि त्यातले तिघे मुसलमान होते. सर मुहम्मद याकूब, मग मुंबईचे सर इब्राहिम रहिमतुल्ला आणि 1935 पासून सलग दहा वर्षं सर अब्दुर रहीम. मधली दोनेक वर्षं षण्मुखम् चेट्टी होते. म्हणजे संसदेच्या कामकाजाची जी परंपरा मावळंकरांच्या हाती आली, ती घडवण्यात आपल्या बुजुर्गांचाही हात होता. हे आपल्या मुलांना माहीत असतं का, आम्हाला शंका आहे.

24 जानेवारी 1946 ला अध्यक्षपदाची निवडणूक झाली. काँग्रेसचे मावळंकर विरुद्ध सर कावसजी जहांगीर. मतं पडली 66 आणि 63. अवघ्या तीन मतांनी मावळंकर जिंकले. एवढ्या काठावर निवडून आलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की कळते, ती म्हणजे समोरच्या 63 जणांचाही आपल्यावर विश्वास बसला नाही तर ही खुर्ची चालवता येणार नाही.

1947 चा ऑगस्ट आणि दोन समित्या

देश स्वतंत्र झाला. संविधान सभेसमोर पेच होता. तिनं संविधान लिहायचं की रोजचे कायदेही करायचे? यावर विचार करायला 20 ऑगस्ट 1947 ला एक समिती नेमली गेली आणि तिचे प्रमुख होते मावळंकर. समितीने सांगितलं, दोन्ही कामं करा, पण वेगवेगळी बसून करा. संविधान लिहिताना डॉ. राजेंद्रप्रसाद अध्यक्ष, आणि कायदेमंडळ म्हणून बसताना वेगळा अध्यक्ष असावा. 17 नोव्हेंबर 1947 ला त्या जागी मावळंकरच निवडून आले.

त्याच ऑगस्टमध्ये, 29 तारखेला मसुदा समिती नेमली गेली. सात सदस्य. त्यात आसामचे माजी पंतप्रधान सर सय्यद मुहम्मद सादुल्ला हेही होते. 30 ऑगस्टला पहिली बैठक झाली आणि सदस्यांनी आपल्यातूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अध्यक्ष निवडलं.

इथे थोडं थांबून पाहू या. समितीचा प्रमुख ठरवण्याच्या तीन रीती आपल्यापुढे आहेत. पहिली, मसुदा समितीची रीत. सदस्यांनी आपापसांत निवडायचा. दुसरी, इंग्रजांच्या काळातली सरकारी रीत, जिच्याबद्दल पुढे येतं. आणि तिसरी, सभागृहाच्या अध्यक्षाने नेमायचा. आज आपल्या संसदेत तिसरी रीत चालते. ती बसवण्यात सर्वांत मोठा वाटा मावळंकरांचा.

हिशेब ज्याचा, तपासणारा तोच

सरकारी खर्चाचा हिशेब तपासणारी लोकलेखा समिती 1921 मध्येच सुरू झाली होती. पण तिची गंमत बघा. तिचे प्रमुख असायचे सरकारचे अर्थसदस्य, म्हणजे आजच्या भाषेत अर्थमंत्री. समितीचं दफ्तरही अर्थखात्यातूनच चालायचं. पेपर ज्याने लिहिला, तपासणारही तोच! शाळेत असं चालवलं तर पालक दुसऱ्या दिवशी दारात येतील. पण जवळपास तीस वर्षं देशाचा हिशेब असाच तपासला गेला.

1950 मध्ये संविधान लागू झालं आणि हे बदललं. लोकलेखा समिती संसदेची समिती झाली, तिचं काम अध्यक्षांच्या देखरेखीखाली आलं आणि दफ्तर संसदेच्या सचिवालयात गेलं. मंत्री तिचा सदस्यच होऊ शकत नाही असा नियम झाला. सदस्य सभागृह दरवर्षी निवडून देतं. निवडणूक अशा पद्धतीनं होते की ज्या पक्षाचं सभागृहात जेवढं बळ, साधारण तेवढ्याच प्रमाणात त्याला समितीत जागा. म्हणजे बहुमतवाला पक्ष सगळ्या जागा घेऊन जाऊ शकत नाही. आणि त्या सदस्यांमधून प्रमुख कोण, हे अध्यक्ष ठरवतात. लोकसभेच्या 15 सदस्यांना पुढे राज्यसभेचे 7 सदस्यही जोडले गेले.

त्याच 1950 मध्ये अंदाज समितीही उभी राहिली. खर्च झाल्यावर हिशेब बघायचा हे लोकलेखा समितीचं काम, तर खात्यांचा कारभार काटकसरीनं कसा होईल हे सुचवायचं अंदाज समितीचं. सुरुवातीला तिच्यात 25 सदस्य होते, आज 30 आहेत, आणि सगळे लोकसभेचेच.

मग मावळंकरांनी एकामागून एक समित्यांची घडी बसवली. सभागृहात कुठल्या विषयाला किती वेळ द्यायचा हे ठरवणारी कामकाज सल्लागार समिती. हिचे प्रमुख स्वतः अध्यक्षच असतात. 1953 मध्ये आश्वासन समिती. मंत्री सभागृहात उभे राहून बघतो, करतो, माहिती घेऊन सांगतो म्हणतात. ती आश्वासनं वहीत टिपून ठेवायची आणि पुरी झाली की नाही हे तपासायचं, हे तिचं काम. आश्वासन तीन महिन्यांत पुरं व्हावं अशी अपेक्षा असते. त्याच वर्षी उपविधान समिती आली. संसद कायदा करते, पण त्याखालचे नियम खातं बनवतं. त्या नियमांच्या आडून खातं कायद्याच्या पलीकडे जात नाही ना, हे ती पाहते. आणि जे खासदार मंत्री नाहीत त्यांच्या विधेयकांसाठी अशासकीय विधेयके व ठराव समिती.

एखाद्या विधेयकावर बारकाईनं विचार करायचा असेल तर प्रवर समिती नेमतात. दोन्ही सभागृहांची मिळून असेल तर ती संयुक्त समिती, तीच आपली जेपीसी. तिच्यात कोण बसणार हे सभागृह ठराव करून ठरवतं. प्रमुख मात्र अध्यक्ष नेमतात. उपाध्यक्ष त्या समितीचे सदस्य असतील तर प्रमुखपद त्यांच्याकडेच जातं. बैठकीला एक तृतीयांश सदस्य हजर हवेत. मतं समसमान पडली तर प्रमुखाचं मत निर्णायक ठरतं. बैठक कधी, साक्षीला कोणाला बोलवायचं, कोणाला किती वेळ द्यायचा, यात प्रमुखाचा शब्द वजनदार असतो. म्हणूनच प्रमुख कोण, हा प्रश्न किरकोळ नाही.

एक चौकशी

समिती चांगली चालली तर काय होतं याचा एक दाखला 1951 चा आहे. हंगामी संसदेचे सदस्य एच. जी. मुदगल यांच्यावर आरोप झाला की मुंबईच्या सोने-चांदी व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन ते संसदेत प्रश्न विचारतात. पंडित नेहरूंनी ठराव मांडला आणि पाच जणांची समिती नेमली गेली. टी. टी. कृष्णम्माचारी प्रमुख होते. सदस्यांत प्रा. के. टी. शहा, दुर्गाबाई आणि बंगाल विधानसभेचे माजी अध्यक्ष सय्यद नौशेर अली हेही होते. समितीने मुदगल यांना आपली बाजू मांडू दिली, कागद तपासले आणि त्यांचं वर्तन सदस्याला न शोभणारं आहे असा निष्कर्ष काढला. सभागृह कारवाई करण्याआधीच मुदगल यांनी राजीनामा दिला. आरोप झाला म्हणून लगेच शिक्षा नाही आणि आपला सहकारी म्हणून माफीही नाही.

आपलं वक्फ विधेयक, 1954

आता आम्ही ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसलो, तिथे येतो. सरकारबाहेरच्या खासदाराने मांडलेलं विधेयक कायदा होणं ही आपल्याकडे फार दुर्मीळ गोष्ट आहे. स्वातंत्र्यानंतर आजवर अशी फक्त 14 विधेयकं कायदा झाली आणि शेवटचं 1970 मध्ये. या 14 मधलं अगदी पहिलं कोणतं, ठाऊक आहे? सय्यद मोहम्मद अहमद काझमी यांनी 1952 मध्ये मांडलेलं मुस्लिम वक्फ विधेयक. 21 मे 1954 ला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली आणि तो वक्फ कायदा 1954 झाला. 1995 चा कायदा येईपर्यंत देशातल्या मशिदी, दर्गाह, कब्रस्तान, यतीमखाने यांच्या मिळकतींच्या कारभाराचा पाया तोच होता.

तेव्हा लोकसभेच्या खुर्चीवर मावळंकर होते. फाळणीला सात वर्षंही झाली नव्हती. अशा काळात एका मुस्लिम खासदाराचं, सरकारी नसलेलं विधेयक, मुसलमानांच्या मिळकतींबद्दलचं, सगळ्या पायऱ्या चढून कायदा झालं. श्रेय अर्थातच काझमी साहेबांच्या चिकाटीचं आणि त्याला मत देणाऱ्या सभागृहाचं. पण मंत्री नसलेल्या सदस्यालाही वेळ मिळावा, त्याचाही कागद पुढे सरकावा, अशी व्यवस्था ज्या खुर्चीखाली बसली, तिचाही त्यात वाटा आहे असं आम्ही मानतो.

पुढेही वक्फचा प्रश्न वेळोवेळी समित्यांपुढे आला. के. रहमान खान यांच्या प्रमुखपदाखालच्या संयुक्त समितीने वक्फ मिळकतींचा अभ्यास केला. 2010 च्या दुरुस्ती विधेयकावर राज्यसभेच्या प्रवर समितीचे प्रमुख प्रा. सैफुद्दीन सोझ होते. आणि 2024 मध्ये जगदंबिका पाल. नियम तोच, नेमण्याची रीत तीच. तरी या समित्यांबद्दल समाजात उमटलेली प्रतिक्रिया सारखी नाही. पाल यांच्या समितीत आपल्या सगळ्या दुरुस्त्या फेटाळल्या गेल्या, म्हणणं नीट ऐकलं गेलं नाही, अशी विरोधी सदस्यांची तक्रार होती. त्यांनी मतभेदाची टिपणं जोडली. भरपूर बैठका झाल्या, सगळ्यांना संधी दिली, असं प्रमुखांचं म्हणणं होतं. कोण बरोबर, हे वाचकांनी अहवाल आणि टिपणं वाचून ठरवावं. आम्हाला दाखवायचं आहे ते एवढंच की कागदावरच्या नियमाला जीव प्रमुखाच्या वागण्यातून येतो.

खुर्चीची परीक्षा

मावळंकर स्वतः टीकेपलीकडे होते का? मुळीच नाही. अध्यक्षाची निवड बिनविरोध व्हावी, अध्यक्षाने पक्षाच्या रोजच्या राजकारणापासून दूर राहावं, असं ते मानत. पण पक्ष त्यांनी सोडला नव्हता. 15 मे 1952 ला पहिल्या लोकसभेत अध्यक्षपदाची निवडणूक झाली तेव्हा त्यांच्या विरोधात उभे राहिले शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे, आपल्या सोलापूरचे खासदार. मतं पडली 394 आणि 55. निकाल आधीच ठरलेला होता, तरी अध्यक्ष सत्ताधारी पक्षाचाच का, हा प्रश्न विरोधकांनी नोंदवून ठेवला.

डिसेंबर 1954 मध्ये तर त्यांना पदावरून काढण्याचा ठराव आला. लोकसभेच्या अध्यक्षाविरुद्धचा हा पहिलाच ठराव. अध्यक्ष आमचे स्थगन प्रस्ताव फेटाळतात, आम्हाला न्याय मिळत नाही, अशी विरोधी सदस्यांची तक्रार होती. चर्चेच्या वेळी मावळंकर खुर्चीवर बसले नाहीत, उपाध्यक्षांनी कामकाज चालवलं. पंडित नेहरूंनी ठरावाला कडक विरोध केला, पण हा पक्षाचा प्रश्न नाही, आपापल्या बुद्धीनं मत द्या, असं आपल्या सदस्यांना सांगितलं. ठराव फेटाळला गेला.

दुसरीकडे, सरकार ऊठसूट वटहुकूम काढतं हे मावळंकरांना पटत नव्हतं. संसदेला बाजूला ठेवून कायदे करण्याची ही सवय लोकशाहीला घातक आहे, असं त्यांनी 1950 मध्ये आणि पुन्हा 1954 मध्ये नेहरूंना पत्रं लिहून कळवलं. ज्या पंतप्रधानांच्या पक्षाने त्यांना निवडून आणलं, त्यांनाच टोकायला ते कचरले नाहीत.

यातूनच सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. समित्यांची सूत्रं मंत्र्यांच्या हातातून काढून अध्यक्षांकडे दिली, कारण अध्यक्ष सरकारचा नाही, सगळ्या सभागृहाचा आहे, असं गृहीत धरलं होतं. सगळी इमारत या एका गृहीतावर उभी आहे. अध्यक्ष तसा वागला तर छोट्यातल्या छोट्या पक्षाचा सदस्यही समितीत मान वर करून बोलू शकतो. नाही वागला तर नियम तेच राहतात आणि इन्साफ मात्र हरवतो. मावळंकरांनंतर काही चांगले पायंडेही पडले. 1967 मध्ये लोकलेखा समितीचं प्रमुखपद पहिल्यांदा विरोधी पक्षाकडे, स्वतंत्र पक्षाच्या मिनू मसानींकडे गेलं आणि ती प्रथा पुढे रुजली. 1993 मध्ये खात्यांनुसार स्थायी समित्या आल्या. आज त्या 24 आहेत. 16 चे प्रमुख लोकसभेचे अध्यक्ष नेमतात, 8 चे राज्यसभेचे सभापती.

27 फेब्रुवारी 1956 ला अहमदाबादमध्ये दादासाहेबांचा इंतकाल झाला. खुर्चीवर असतानाच ते गेले. लोकसभेचे जनक असं त्यांना आजही म्हटलं जातं.

वाचकहो, आपल्या समाजाचं लक्ष बहुतेक वेळा निवडणुकीच्या निकालावर आणि टीव्हीवरच्या भाषणांवर असतं. विधेयक समितीकडे गेलं की आपण सुस्कारा टाकतो आणि विसरतो. खरं तर तेव्हाच काम सुरू होतं. समिती वर्तमानपत्रात जाहिरात देऊन लोकांकडून सूचना मागवते, त्याला मुदत असते. आपल्या भागातला खासदार कोणत्या स्थायी समितीवर आहे, त्या समितीचा प्रमुख कोण, हे संसदेच्या संकेतस्थळावर पाहता येतं. राज्यात विधिमंडळाच्याही समित्या आहेत. शिष्यवृत्ती अडली, उर्दू शाळेत शिक्षक नाही, कब्रस्तानच्या जागेवर अतिक्रमण झालं, तर मोर्चाआधी एक व्यवस्थित लिहिलेलं, पुराव्यानिशी निवेदन योग्य समितीकडे जायला हवं. काझमी साहेबांनी 1952 मध्ये संसदेत एक कागद ठेवला होता. त्याचा कायदा व्हायला दोन वर्षं लागली, पण झाला.